सहाण आणि शिशाची गोळी

सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या एका लहानशा संस्थानात पूर्वी कधी एक वृद्ध शस्त्रपाल होते. तलवारी, भाले, पलटणीतून परत आलेल्या जुन्या बंदुका आणि त्या बंदुकांसाठी शिशाच्या गोळ्या ओतण्याचे लोखंडी साचे, या सर्वांची देखभाल त्यांच्याकडे असे. लोक त्यांना आप्पा म्हणत. शस्त्रशाळेच्या पूर्वेकडील कोनाड्यातच त्यांचे देवघर होते. ज्या हाताने सकाळी देवापुढची समई पुसावी, त्याच हाताने ते दिवसभर बंदुकांचे घोडे पुसत. ही दोन कामे वेगळी आहेत, असे त्यांना कधी वाटले नाही.

त्या गावासमोर एक खोल दरी होती. दरीपलीकडील उभ्या कड्यात एक गुहा होती आणि गुहेच्या मुखाशी एक प्राचीन घंटा टांगलेली होती. तेच गावदेवीचे मूळ स्थान. कधीकाळी तिकडे पायवाट जात असे. एका वर्षी कडा ढासळला आणि पायवाट दरीत गेली. देवी पलीकडे राहिली, गाव अलीकडे राहिले. नवी मूर्ती अलीकडे स्थापन झाली, परंतु त्या मूळ घंटेला मनुष्याचा हात लागणे आता शक्य नव्हते. तेव्हाच्या जाणत्यांनी एक विलक्षण प्रथा घातली. खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा होते त्या दिवशी, दरीच्या अलीकडून बंदुकीने ती घंटा वाजवायची. गोळी मात्र निखळ शिशाचीच हवी. शिसे मऊ असते. घंटेवर आपटून ते स्वतः चपटे होते आणि खाली पडते. घंटेला ओरखडाही उठत नाही. हाक पोचते, आणि जिला हाक मारली तिला इजा होत नाही.

बार उडाला की धूर पसरे. मग क्षणभर सारे गाव श्वास रोखून उभे राही, कारण नाद दरी ओलांडून यायला वेळ लागे. आणि मग तो येई. ज्यांनी तो ऐकला ते सांगत की तो कानाला ऐकू येण्याआधी छातीला कळतो. लहानथोर सर्वांचे हात आपोआप जुळत.

हा मान सुभानजी हवालदारांच्या घराण्याचा. त्यांच्या आज्याने पलटणीतून आणलेली, वळसेदार खाचांच्या नळीची बंदूक त्यांच्या घरी होती. सुभानजी आता वृद्ध झाले होते. उभा जन्म बंदुकीशेजारी गेल्याने त्यांचे कान गेले होते, पण डोळा अजून घारीचा होता. कोणी चेष्टेने कानाशी ओरडून विचारले, "हवालदार, घंटा वाजली तर तुम्हाला कळणार कसं?" तर ते म्हणत, "मी घंटेकडं बघतच न्हाई. तुमच्या हातांकडं बघतो. हात जुळले की वाजली."

परंतु गेली काही वर्षे हात जुळले नव्हते. बार उडे, धूर निघे, लोक वाट पाहत, आणि दरी मुकीच राही. गावात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले देवी रुसली. कोणी म्हणाले हवालदारांच्या हातून काही अधर्म घडला असावा. सुभानजींना ऐकू येत नसे, पण चेहरे वाचता येत. त्यांनी पागोटे उतरवून ठेवले. घंटा वाजेल तेव्हाच डोक्याला बांधीन, तोवर उघड्या डोक्याने फिरेन, असे त्यांनी देवीपुढे सांगितले. वृद्ध मनुष्याने घरात सुतक नसताना उघड्या डोक्याने गावातून चालणे म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसांनाच समजेल.

यंदा संस्थानात नवे कारभारी आले होते. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना गोष्टी व्हाव्यात असे वाटे, एवढेच. त्यांनी आप्पांना सांगून ठेवले, "हवालदारांचा बार यंदाही फुकट गेला, तर तिथेच मी माझ्या नव्या बंदुकीने घंटा वाजवीन. तांब्याच्या कवचाची गोळी आहे. चुकायची नाही."

"घंटा जुनी आहे," आप्पा म्हणाले. "तडकेल."

"न वाजणारी घंटा आणि तडकलेली घंटा, आप्पा, यांत ऐकणाऱ्याला फरक काय?"

 आप्पा शस्त्रशाळेत परतले आणि त्यांनी आपल्या शिष्याला हाक मारली.

या शिष्याचे नाव केरबा. वयाने तिशीचा, हाताने नेटका, बुद्धीने तल्लख. पुढेमागे शस्त्रशाळा त्याच्याकडेच जाणार, हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यालाही होते. आप्पा म्हणाले, "केरबा, हवालदारांची बंदूक आपल्याकडे आणून ठेवली आहे. तिच्यासाठी गोळीचा साचा निवड."

केरबा हसला. "यात निवडायचं काय आप्पा? नळीवर आकडा कोरलेला आहे. तोच आकडा असलेला साचा आपल्या पेटीत आहे. इतकी वर्षं त्याच्याच गोळ्या देतोय की आपण."

"तरी निवड," आप्पा म्हणाले.

पेटीत साचे थोडेच होते. सांडशीसारख्या दोन मुठी, आणि टोकाला मिटणारे दोन लोखंडी ठोकळे; त्यांच्या पोटात गोळीच्या आकाराची पोकळी. केरबाने नळीवरच्या आकड्याचा साचा घेतला, शिसे वितळवले, मळी काढली आणि गोळ्या ओतल्या. एकेक गोळी आरशासारखी निघाली. त्यातली एक घेऊन तो आप्पांपुढे आला. त्याने नळीचे मागचे बूच फिरवून काढले, बंदूक उभी धरली आणि गोळी नळीच्या तोंडात सोडली. ती सुळकन खाली गेली आणि दुसऱ्या टोकाने त्याच्या तळहातावर पडली.

"पाहा. लोण्यातून सुरी जावी तशी जाते. याहून जुळणारा साचा कुठला?"

"छान," आप्पा म्हणाले. "आता तट्ट्यावर मारून पाहा."

शस्त्रशाळेमागच्या माळावर बांबूचा तट्ट्या उभा होता, त्यावर कोरी पासोडी ताणलेली. केरबाने बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली, म्हणजे हात थरथरण्याचा प्रश्नच नको, आणि बार उडवला. पासोडीला भोक पडले, पण जिथे नेम धरला होता त्यापासून पुष्कळ दूर. शिवाय ते भोक गोल नव्हते, लांबट होते. जणू गोळी सरळ न जाता आडवी लोळत गेली होती. त्याने पुन्हा बार उडवला. पुन्हा तसेच, आणि दुसऱ्याच बाजूला.

तो विचारात पडला. मग त्याला उपाय सुचला. "आप्पा, शिसे फार मऊ आहे. यात कथील घालतो. गोळी कठीण झाली की वाट सोडणार नाही."

"देवीला हाक मारायची आहे की दगड?" आप्पांनी शांतपणे विचारले. केरबा ओशाळला. त्याने विचारले, "मग तुम्हीच सांगा. साचा कुठला?"

आप्पांनी देवघराकडे बोट केले. "सांगतो. पूजा व्हायची आहे. आधी गंध उगाळ."

केरबाला हे आवडले नाही. नवमी तोंडावर आली होती, आणि हे गंध उगाळायला सांगत होते. पण तो उठला. देवघरातील सहाण फार जुनी होती. कोणी बसवली ते आप्पांनाही माहीत नव्हते. पिढ्यानपिढ्या चंदन उगाळून तिच्या मधोमध वाटीएवढा खळगा पडला होता. आप्पांनी त्याच्या हाती चंदनाचे नवे कोरे खोड दिले. करवतीने कापलेले, टोकाला सपाट. केरबाने पाणी शिंपडले आणि उगाळू लागला. खोडाच्या कडा खळग्याच्या काठाला घासत होत्या, कर्रकर्र आवाज येत होता, पण तळाचे पाणी स्वच्छच राहिले. तळापर्यंत चंदन पोचतच नव्हते. त्याने जोर लावला. काठावर थोडा भुसा साचला. गंध झाले नाही.

"खोड अस्सल आहे," तो घाम पुसत म्हणाला. "सहाणच बिघडली आहे. नवी आणू का बाजारातून?"

"नको. आज देवाचे कपाळ कोरडे राहू दे," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच त्या दिवशी नुसत्या तुळशीने पूजा केली. केरबाच्या मनाला ते लागून राहिले. इतक्या वर्षांत त्या देवघरात देवाचे कपाळ कोरडे राहिलेले त्याने पाहिले नव्हते.

पूजा आटोपल्यावर आप्पा कामाला बसले. त्यांनी शुद्ध शिशाचा एक गोळा मागितला, आकड्याच्या गोळीहून बराच जाड. त्याला तेल लावले, नळीचे बूच पुन्हा काढले. बंदुकीच्या तोंडाशी तो ठेवून लाकडी मोगरीने हलकेच ठोकला. नळीच्या काठावर शिशाची बारीक कडी कातरून पडली आणि गोळा आत बसला. मग त्यांनी एक सरळ लाकडी गज केरबाच्या हाती दिला.

"हळूहळू ढकल. कुठे अडला तर सांग. कुठे सैल पडला तरी सांग."

केरबा ढकलू लागला. आप्पांनी डोळे मिटून नळीवर तळहात ठेवला होता, वैद्य नाडी पाहतो तसा.

"अडतो?"

"नाही."

"सैल पडतो?"

"नाही. पहिल्यापासून एकाच जोराने चाललाय."

आप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले. गोळा दुसऱ्या टोकाने बाहेर आला आणि खाली अंथरलेल्या वस्त्रावर पडला. आप्पांनी तो दोन बोटांत उचलून उजेडात धरला, आणि केरबाही जवळ सरकला.

गोळा आता गोळा राहिला नव्हता. त्याच्या सर्वांगावर तिरप्या रेषा उमटल्या होत्या. उंचवटा, मग खाच, मग उंचवटा. दोरीला पीळ असावा तशा त्या एकाच कलाने वळल्या होत्या. कडा थोड्या मवाळ, पण रेष एकही तुटलेली नाही. ती नळी ज्या दिवशी घडली त्या दिवसापासून तिच्या आत जे वळण अंधारात पडून होते, ते सगळे त्या मऊ धातूने आपल्या अंगावर उतरवून बाहेर आणले होते. सुभानजींच्या आज्याने ते पाहिले नव्हते. बापाने पाहिले नव्हते. ज्याने तिला जन्मभर खांद्याशी धरले त्या सुभानजींनीही पाहिले नव्हते. केरबाच्या अंगावर काटा आला. 

आप्पांनी तो शिशाचा तुकडा देवघरात नेला, देवापुढे ताम्हनात ठेवला आणि त्याला दोन अक्षता वाहिल्या. केरबाने ओतलेल्या आरशासारख्या गोळ्या मात्र तशाच बाहेर राहिल्या.

"आप्पा, पूजा त्या वेड्यावाकड्या तुकड्याची?"

"तो आत जाऊन आला आहे," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी पितळेची एक पट्टी काढली. तिच्यात निमुळती होत जाणारी खाच होती. जितकी वस्तू बारीक तितकी ती खाचेत खोल उतरे. आकड्याच्या साच्यातली गोळी खाचेत खोलवर गेली. शिशाचा तुकडा वरच अडला. दोघांतले अंतर पाहून केरबाने कपाळाला हात लावला.

"नळी एवढी मोठी झालीय? म्हणजे हवालदारांनीच ती बिघडवली. मी पाहिलंय ना त्यांना, विटेची भुकटी घेऊन घासत बसलेले. नेम चुकला की अजून घासायचे. नळी शुद्ध नाही म्हणून देवी ऐकत नाही, असं वाटायचं त्यांना. घासून घासून वाट लावली."

 आप्पांनी देवघराच्या फळीवरून चंदनाचे जुने खोड काढले. वापरून वापरून आखूड झालेले, टोकाला अंड्यासारखे गोल. "उगाळ," ते म्हणाले.

केरबाने तीच सहाण पुढे घेतली. खोडाचे गोल टोक खळग्यात असे बसले की जणू एकातून दुसरे निघाले असावे. आवाजसुद्धा झाला नाही. पाहता पाहता तळाशी दाट, पिवळसर गंध जमले आणि सुवास शस्त्रशाळेतल्या तेलाच्या वासावर पसरला.

केरबाचा हात थांबला. तो सहाणेकडे पाहत राहिला.

"सहाण बिघडली होती का?" आप्पांनी विचारले.

"नाही."

"तू म्हणालास, नळीची वाट लावली. आता ऐक. गोळ्यांनी झिजलेली नळी मागच्या बाजूला अधिक झिजते, पुढे कमी. ही टोकापासून टोकापर्यंत सारखी आहे. तूच ढकललास, तुझ्या हाताला कळले. आज्यापासून नातवापर्यंत प्रत्येक नवमीला कोणीतरी तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निष्ठेने पुसले आहे, कुठे हात आखडला नाही, कुठे घाई केली नाही. ही सेवेची झीज आहे, केरबा. देवळाचा उंबरा पायांनी झिजतो, पादुकांचा दगड कपाळांनी झिजतो. आपण उंबरा बिघडला म्हणत नाही. आपण म्हणतो, इथे पुष्कळ माणसे येऊन गेली. नळीवरचा आकडा खोटा नाही. तो तिच्या बारशाचा आकडा आहे. पण बारशाचे अंगडे घेऊन आपण वर्षानुवर्षे तिच्यापुढे उभे राहिलो, आणि ते अंगाला येत नाही म्हणून तिला, हवालदारांना आणि शेवटी देवीलाही बोल लावला. कोणाचे आजचे माप हवे असेल तर नाव वाचून मिळत नाही, आत जावे लागते. आणि आत जाणाऱ्याने मऊ व्हावे लागते. कठीण होऊन गेलेला ओरखडे काढून येतो. मऊ होऊन गेलेल्याच्या अंगावर आतले सगळे उमटते. संतांनी देवाजवळ पोचण्याचे जे वर्म सांगितले ते याहून वेगळे नाही."

 केरबा उठून साच्यांच्या पेटीकडे गेला. तळाशी एक काळा, ओबडधोबड साचा पडून होता. कुठल्या दूरदेशीच्या पलटणीच्या बंदुकीचा तो साचा, ती बंदूक केव्हाच नाहीशी झालेली. आकडा भलताच होता, म्हणून केरबाने त्याला कधी हात लावला नव्हता. आता त्याने तो तापवला. साचा तापेपर्यंत पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. त्या त्याने पुन्हा वितळवल्या. मग एक भरीव, करड्या रंगाची गोळी निघाली. पट्टीच्या खाचेत ती शिशाच्या तुकड्याच्या किंचित वरच अडली. केसभर मोठी.

"ही मोठी होते," तो म्हणाला.

"केसभर मोठीच हवी. सहज जाणारी गोळी नळीचे वळण घेत नाही, आणि वळण घेतले नाही तर सरळ जात नाही."

"पण आप्पा, हा साचा या बंदुकीचा नाही."

"तिचा कोण, ते तिलाच विचार," आप्पा म्हणाले.

केरबा माळावर गेला. बार उडाला. पासोडीच्या मध्यावर भोक पडले, कंकणासारखे गोल.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. दरीच्या काठावर शस्त्रे मांडली गेली, झेंडूच्या माळा पडल्या, गाव जमले. कारभारी आपली नवी बंदूक घेऊन आले होते. ते कोणाशी भांडत नव्हते. ते फक्त वाट पाहत होते.

सुभानजी उघड्या डोक्याने आले. त्यांनी आल्याआल्या केरबाला बाजूला घेतले. बहिरी माणसे मोठ्याने बोलतात, तसे ते बोलले नाहीत. अगदी हळू बोलले.

"केरबा, तू नळीच्या आत काय घालून पाहिलंस म्हणं. गाव म्हणतंय, मीच घासून घासून वाटोळं केलं. खरं का?"

केरबाची नजर नळीवर गेली.

"खरंच असणार. देवीचं काम म्हणून घासत होतो मी." त्यांनी बंदूक त्याच्यापुढे केली.  "तू मार. तुझा हात चांगला. माझ्या हातानं आता नको. ह्या हातानंच केलंय समदं."

गोळी केरबाने ओतली होती. साचा त्याने निवडला होता. नेम त्याचा कमी नव्हता. बंदूक त्याच्या हातांपासून वीतभर अंतरावर होती, आणि घेतली असती तर कोणी त्याला नाव ठेवले नसते. पण मग तो मनुष्य उरलेला जन्म आपल्याच हाताला अपराधी समजत राहिला असता, हेही केरबाला दिसत होते.

त्याने बंदूक घेतली नाही. पूजेच्या चौरंगावर आप्पांनी देवघरातून आणलेली सहाण होती. ती त्याने दोन्ही हातांनी उचलली, सुभानजींचा उजवा हात धरला आणि त्यांची बोटे त्या खळग्यात ठेवली. गंध ओले होते. बोटे खळग्याच्या तळापर्यंत उतरली आणि तिथेच राहिली.

"ही कुणी बिघडवली?" केरबाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले.

"ही कशाला बिघडंल? ही उगाळून..." सुभानजी बोलता बोलता थांबले.

केरबाने सहाणेकडे बोट केले, मग बंदुकीच्या नळीकडे. "तुमच्या आज्यानं, तुमच्या बापानं, तुम्ही पुसली," तो म्हणाला. "बिघडली नाही. मोठी झाली. आम्हीच तिला लहानपणीची गोळी देत होतो."

सुभानजींनी खळग्यातून बोटे काढली. त्यांना गंध लागले होते. ते त्यांनी आधी नळीला लावले, मग आपल्या कपाळाला.   त्यांनी बंदूक खांद्याशी घेतली तेव्हा ती परकी वस्तू वाटत नव्हती.

बार उडाला. धूर पसरला आणि दरीवर वाकला. गाव श्वास रोखून उभे राहिले. एक पाखरूसुद्धा बोलले नाही. कारभाऱ्यांनी आपल्या बंदुकीच्या पट्ट्याला हात घातला होता. तो हात तिथेच थांबला.

आणि मग नाद आला.

तो मोठा नव्हता. दूरच्या पाण्यात कोणी धोंडा टाकावा आणि त्याचे वलय काठाला येऊन लागावे, तसा तो आला. पण तो आला तेव्हा असे वाटले की इतकी वर्षे तो तिथेच होता आणि आपण त्याच्यापर्यंत पोचलो नव्हतो. तो कड्यावर आपटून परतला, पुन्हा आला, आणि मंद होत होत केव्हा थांबला ते कोणाला कळले नाही.

सुभानजींना त्यातले काहीच ऐकू आले नव्हते. त्यांनी घंटेकडे पाहिलेही नाही. ते वळले आणि माणसांच्या हातांकडे पाहू लागले. आधी एका वृद्ध स्त्रीचे हात जुळले. मग तिच्या शेजारणीचे. मग वारा शेतावरून जावा तसे ते जुळणे काठाकाठाने पसरत गेले. कारभाऱ्यांनी नवी बंदूक शेजारच्या शिपायाच्या हाती दिली आणि त्यांनीही हात जोडले. घंटा अखंड होती. तिच्या नादातच ते कळले होते.

आप्पांनी आपल्या उपरण्याखालून पागोटे काढून सुभानजींच्या पुढे धरले. ते त्यांनी हवालदारांच्या सुनेकडून मागून आणले होते.

"तुमची खात्री होती व्हय आप्पा?" सुभानजींनी भरल्या डोळ्यांनी विचारले.

आप्पा त्यांच्या कानाशी वाकले. "नव्हती. न वाजती तर थंडी आहे म्हणून बांधायला सांगणार होतो."

सुभानजी हसले आणि हसता हसता त्यांनी पागोटे बांधले. पहिला फेरा चुकला. सवय गेली होती. दुसऱ्या खेपेला नीट बसला.

संध्याकाळी बंदूक पुन्हा शस्त्रशाळेत आली. सुभानजी सवयीने विटेची भुकटी शोधू लागले, तेव्हा केरबाने त्यांच्या हातात तेलाचा मऊ बोळा दिला आणि ते काही न विचारता तो फिरवू लागले. टोकापासून टोकापर्यंत, सावकाश, कुठेही हात न आखडता. केरबा ते पाहत होता. त्याने काळा साचा पुसून पेटीत ठेवला. आता तळाशी नव्हे, वरच. मग तो आप्पांना म्हणाला, "हा साचा आता या बंदुकीचा ठरला. पुढच्या वर्षापासून काही शोधायला नको."

"पुढच्या वर्षी पुन्हा शिसे घालून पाहायचे," आप्पा म्हणाले.

"पुन्हा? माप तर घेतलं आपण."

आप्पांनी सुभानजींच्या हाताकडे पाहिले. तेलाचा बोळा अजून फिरतच होता.

"सेवा थांबणार आहे का?" त्यांनी विचारले.

केरबाने त्या हाताकडे पाहिले, आणि पेटी बंद न करता तशीच उघडी ठेवली.

आपणही आपल्या माणसांचे माप कधीतरी एकदा घेऊन ठेवलेले असते. वर्षातून एकदा तरी मऊ होऊन ते पुन्हा घ्यावे, कारण जे झिजले म्हणून आपल्याला वाटते ते बहुधा वाढलेले असते.